मावशीने भिंगरी उतरवली

मावशी पंपाच्या, पंख्याच्या मोटारी भरते. जळकी मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार बसवायची. बाजारातल्या एकाच दुकानात बावीस वर्षं. मालकाचा जावई तिला हाताखालची बाई समजतो. मोटार फिरेना की मात्र तिच्याच नावाने हाका मारतो.

तिचं घर आमच्या चढावरच्या गल्लीत अगदी शेवटचं. गल्लीत वीज नव्हती. नवरा रंगाच्या कारखान्यात फवारा मारून मारून छाती घालवून बसलेला. त्याला सकाळ-संध्याकाळ वाफेचं मशीन लागायचं. मशीन होतं, पण जोडायचं कशाला? म्हणून मावशीने पवनचक्कीच केली. प्लास्टिकच्या पाइपाची तीन पाती, स्वतः भरलेल्या नऊ कॉइली, भंगारातली चुंबकं, पिंपाच्या पत्र्याची शेपटी, खाली ट्रकची बॅटरी. छपरावरच्या उंच पाइपावर ती फिरू लागली तेव्हा नवरा म्हणाला, "माझ्या छातीत नसला तरी छपरावर वारा भरपूर आहे!" गल्लीने तिचं नाव ठेवलं भिंगरी. एक दिवा, एक पंखा आणि ते मशीन. मी वस्तीच्या संघटनेचा पुढारी; मावशीला सभेत उभं केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या.

पुढे सरकारी कनेक्शन द्यायला वीज नसलेल्या घरांची मोजणी आली. मोजणीवाल्याला चढ चढायचा कंटाळा. संध्याकाळी खालूनच मान वर केली, शेवटच्या घरात दिवा दिसला. टोकाला वीज पोचली म्हणजे मधल्यांकडे असणारच, असं डोकं चालवून त्याने अख्खी गल्ली यादीतून उडवली.

शिंपी तिच्या दारात येऊन ओरडला, "मावशी, तुमच्या घरी उजेड आणि आमच्या डोळ्यांपुढे अंधारी!"

"तूही लाव की छपरावर. कॉइली मी भरून देते."

"मला शिलाई मशीनला मोटार लावायचीय. खेळणं नकोय."

मी विजेच्या कचेरीत जाऊन टेबल दणाणून सोडलं. साहेब थंडपणे म्हणाले, "आठ दिवसांत फेरतपासणी करू. त्या वेळी एकाही घरावर विजेचं कुठलंही साधन दिसलं तर अख्ख्या गल्लीचा अर्ज बाद."

हे मावशीला मी सांगायला गेलो. दुसऱ्या कोणाची टाप नव्हती.

"भाऊ, टाळ्या वाजवणारे तुम्हीच ना?"

"मावशी, चाळीस घरांचा प्रश्न आहे. आठच दिवस."

"बॅटरी तीन दिवस पुरते. पुढचे पाच दिवस याला काय, फुंकर घालू?"

"मी शब्द देतो. पहिलं कनेक्शन तुमचं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "उतरव. नाहीतर हे लोक मला गल्लीतून पायीसुद्धा जाऊ द्यायचे नाहीत." तिने स्वतःच पाना घेतला. मला पाइपाला हात लावू दिला नाही.

आठ दिवसांचे अडीच महिने झाले. तपासणी झाली, मग सही अडली, मग खांब यायचे राहिले. दर वेळी साहेब बजावायचे, भिंगरी चढवाल तर सगळं मुसळ केरात. नवरा रोज दोनदा चढ उतरून वाफ घ्यायला दवाखान्यात जायचा, मध्ये चार ठिकाणी बसत.

शेवटी खांब आले. एकोणचाळीस घरांना मीटर लागले. मावशीला नाही. गल्ली यादीत परत घेतली, पण तिच्या नावापुढची जुनी नोंद कोणी खोडलीच नव्हती: वीज आहे. वर पलीकडच्या वस्तीकडे जाणाऱ्या तारा नेमक्या तिच्या छपरावरून ओढल्या. तारांजवळ लोखंडी पाइप उभा करायला मनाई. म्हणजे भिंगरीही गेली.

शिंप्याचं मशीन आता मोटारीवर चालतं. तो मान खाली घालून शिवतो.

मी साहेबांची गचांडी धरली, रात्रभर कोठडीत बसलो. बाहेर येऊन फुशारकीने मावशीला सांगायला दुकानात गेलो. नवरा कोपऱ्यातल्या बाकड्यावर, तोंडाला वाफेचा मास्क, मशीनची वायर दुकानाच्या प्लगमध्ये. जावयाने गिऱ्हाईक येईपर्यंतच परवानगी दिली होती.

"नवीन अर्ज लिहिलाय, मावशी. अंगठा नको, सही करा."

ती तार गुंडाळत होती, थांबली नाही.

"सही करते. पण भाऊ, यापुढे माझ्या घरातलं काही उतरवायला सांगायला येऊ नका."

गिऱ्हाईक आलं. जावयाने खाकरून दाखवलं. मावशीने उठून वायर काढली.