फरशीची जाडी शून्य

आमची थोरली लहानपणापासून पायऱ्या मोजत जिना चढते. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. चौतीस पायऱ्यांपैकी एकोणिसावी बाकीच्यांपेक्षा दीड सेंटीमीटरनं उंच आहे, हे तिनं नवव्या वर्षी पट्टी लावून सिद्ध केलं. घरी येणारे पाहुणे नेमके तिथंच का ठेचकाळतात, हे मला तेव्हा कळलं. तोवर मी पाहुण्यांनाच वेंधळं समजत होते.

अशी मुलगी पुढे जिने बनवणार, यात खरं तर नवल नव्हतं. पण मधे ती इंजिनियर झाली, मोठ्या ऑफिसात लागली, फिरत्या खुर्चीत बसून नकाशे काढू लागली आणि मी निर्धास्त झाले. माझं निर्धास्त होणं फार काळ कुणाला बघवत नाही. एका रविवारी जेवताना तिनं जाहीर केलं की ती नोकरी सोडतेय आणि लाकडी जिने करणाऱ्या सहा माणसांच्या कारखान्यात जातेय. तेही तीन महिन्यांच्या बोलीवर. काम पटलं तर कायम, नाही तर घरी.

"अगं, हातचं सोडून पळत्याच्या मागे काय लागतेस?" मी म्हटलं.

"पळता कुठला, जिना आहे तो," तिचे बाबा म्हणाले. "जागचा हलणार नाही. भाजी वाढ."

कारखान्याच्या मालकीणबाईंना तिनं शब्द दिला होता. एका जिन्याचा नकाशा तयार करायला तिथं आठवडा लागायचा, तो ती एका दुपारीत देणार होती. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागणार नव्हतं. नकाशे काढायचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, ते जगभरातल्या लोकांनी मिळून केलंय आणि त्याची आतली सगळी मांडणी खुली आहे. कुणीही उघडून बघावं, हवा तो बदल करावा. त्यात जे नाही ते बाहेरच्या कुणी तरी लिहून जोडायचं. अशा जोडाला ॲड-ऑन म्हणतात. माझ्या शिलाई मशीनला काजं करायचा वेगळा भाग आहे ना, तो मशीनवाल्या कंपनीचा नाही, दुसऱ्याच कुणी केलेला आहे, पण बसतो चपखल. तसंच. थोरलीनं जिन्याचा ॲड-ऑन लिहिला होता. दोन मजल्यांमधलं अंतर आणि खालच्या मजल्यावर मागाहून बसवायच्या फरशीची जाडी सांगितली की तो पायऱ्या पाडून, बाजूच्या फळ्यांना कुठं कापायचं तेही आखून द्यायचा. तिनं तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवून दिला होता आणि चारशेएक लोक तो वापरत होते.

"ते तुला काय देतात?" मी विचारलं.

"चुका दाखवतात."

"त्या मी फुकटात दाखवते."

"तू माझ्या दाखवतेस, आई. ते कामातल्या दाखवतात."

कारखान्यातले मिस्त्री साठीचे. त्यांचं आणि कॉम्प्युटरचं जमणार नाही असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. मिस्त्रींना कॉम्प्युटर फार आवडला. नकाशा चारी बाजूंनी फिरवून बघताना ते चहा पिताना नसतील इतके खूश असायचे. अडचण एकच होती. मिस्त्री स्वभावानं अतिशय मऊ. पडद्यावर काही विचारणा आली की ते "हो"च दाबत.

अडीच महिने उत्तम गेले. शेवटची परीक्षा म्हणून मालकीणबाईंनी तिला एका दातांच्या दवाखान्याचा जिना दिला. सोळा पायऱ्या, दुखऱ्या दाढा घेऊन वर जाणारी माणसं, त्यात निम्मी म्हातारी. तो नीट बसला तर नोकरी कायम. बुधवारी फळ्या कापायच्या, शनिवारी जिना उभा करायचा.

सोमवारी सकाळी ती कामावर गेली तर सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसलेली आणि तिचा ॲड-ऑन यादीतून गायब.

"ते विचारत होतं, नवं घेऊ का," मिस्त्री म्हणाले. "म्हटलं, एवढं अदबीनं विचारतंय, नाही कशाला म्हणा."

"काका, जुन्यावर माझा जोड चालत होता."

"मग तसं त्यानं सांगायला नको?"

सॉफ्टवेअरला ते माहीतच नव्हतं. बाहेरून लावलेल्या जोडांची जबाबदारी ज्याची त्यानं घ्यायची, असा तिथला रिवाज. तिनं दोन दिवस खपून ॲड-ऑन नव्या आवृत्तीला जुळवून घेतला, सगळ्यांसाठी ठेवला आणि दवाखान्याचा नकाशा काढून बुधवारी मिस्त्रींच्या हातात दिला. घरी फोन करून मला म्हणाली, "आता काळजी करू नकोस." हे वाक्य ऐकलं की मी ताबडतोब काळजीला लागते.

त्याच दुपारी कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका जिनेवाल्याचा तिला निरोप आला. 'तुमचा नवा ॲड-ऑन छान चालतोय. पण माझ्या सगळ्या पायऱ्या तीन-तीन मिलिमीटरनं उंच का येतायत?'

तिनं स्वतःचा नकाशा उघडला. तिच्याही पायऱ्या तीन मिलिमीटरनं उंच होत्या. फरशीच्या जाडीपुढे शून्य होतं. नव्या आवृत्तीत जुन्या नोंदींची जागा बदलली होती. जाडी सापडली नाही की ॲड-ऑन काही न बोलता शून्य धरायचा, आणि ते 'काही न बोलता' तिनंच कधी काळी लिहिलं होतं. दवाखान्यात खाली पाच सेंटीमीटरची फरशी अजून बसायची होती, आणि तेवढी उंची ॲड-ऑननं सोळा पायऱ्यांत वाटून टाकली होती. म्हणजे फरशी बसल्यावर पहिली पायरी पाच सेंटीमीटरनं बुटकी. चढताना पहिल्याच पावलाला चकवा, उतरताना शेवटच्या पावलाला दणका.

खाली करवत सुरू होती. ती धावत गेली. एक फळी पूर्ण कापून झालेली, दुसरी टेबलावर चढवलेली.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "माझी करवत घसरली असं सांगतो. माझं काय जातंय? तीस वर्षांत एकदा घसरली म्हणून कुणी काढणार नाही मला. तुझे दहाच दिवस राहिलेत, पोरी."

"नको काका."

ती वर गेली, पण मालकीणबाईंकडे नाही. आधी ॲड-ऑनच्या पानावर ठळक लिहिलं: कुणीही काही कापू नका, फरशीची जाडी तपासा, चूक माझी आहे. हे मला तिनं नंतर सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आधी स्वतःचं सावरायचं की चारशे परक्यांचं? ती म्हणाली, "त्यांच्याही करवती चालूच असणार ना."

मग ती मालकीणबाईंसमोर उभी राहिली. त्यांनी कापलेली फळी बघितली, पडद्यावरचं लिहिलेलंही वाचलं.

"म्हणजे सगळ्या जगाला कळवून झालं, आणि मी दुसऱ्या नंबरवर?"

"तिसऱ्या. मिस्त्रीकाका खालीच उभे होते."

मालकीणबाईंनी गोदामाची वही उघडली. "गोदामात त्या मापाची एकच फळी शिल्लक आहे," त्या म्हणाल्या. "ती चुकली तर मला दवाखान्याला तोंड दाखवायला जागा नाही. आणि पुन्हा कुणी हो हो करून पुढे जाणार नाही असं काही तरी कर."

गुरुवारी तिनं ॲड-ऑन बदलला. आता नकाशा काढण्याआधी तो फरशीची जाडी विचारतो आणि तिथं 'हो' नावाचं बटणच नाही. आकडा स्वतः टाइप करावा लागतो. मिस्त्रींनी तो टाइप केला, तिनं तपासला, मग दोघांनी मिळून दोन्ही फळ्या कापल्या.

शनिवारी मी दवाखान्यात गेले. ती चष्मा घरी विसरली होती, तो द्यायला. जिना उभा राहिला होता, फरशीही बसली होती. कारखान्याची पद्धत अशी की नवा जिना ज्यानं आखला त्यानं सगळ्यांसमोर डोळे मिटून, कठड्याला हात न लावता चढायचा. डोळ्यांना जे दिसत नाही ते पावलांना कळतं म्हणे.

"चष्मा घाल आधी," मी म्हटलं.

"डोळे मिटायचेत, आई."

"तरी असू दे."

तिनं चष्मा घातला, डोळे मिटले आणि निघाली. मी मोजत होते. मिस्त्रीही मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. पहिल्या पायरीला तिचा पाय जरासुद्धा अडखळला नाही. सोळावीवर ती थांबली, पुढची पायरी चाचपली नाही, सरळ वरच्या जमिनीवर गेली.

मग मालकीणबाई निघाल्या. त्यांनीही डोळे मिटले, आणि त्या दोनदा चढल्या, दोनदा उतरल्या. दुसऱ्यांदा खाली आल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हिला सोमवारी आठला पाठवा. शाळेच्या जिन्याचं माप घ्यायला जायचंय. कायमची माणसं नऊला येत नाहीत आमच्याकडे."

वरून थोरली म्हणाली, "आठला कुठली बस आहे?"

"सात दहाची आहे," मी म्हटलं. सकाळच्या सगळ्या बस मी आधीच बघून ठेवल्या होत्या.