कायदा पोहत येत नाही

घर ताब्यात घ्यायला आलेल्या शेरीफच्या माणसावर व्हर्लीन टिब्सबाईंनी उकळतं तेल ओतलं, असं आमच्या गल्लीत बोलतात. तेल उकळत होतं, एवढंच खरं. त्यात मासा होता. आणि तो माणूस घर घ्यायला नव्हे, कोर्टाचं समन्स द्यायला आला होता. दोन तुकडे खाऊन, बोटं चाटत गेला.

बाई एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनपायी घराचे पाच हप्ते थकले. बँकेच्या फोनवाल्या बाईचा मधाळ आवाज मी त्यांना काढून दाखवायचो, "आपलं घर आमच्यासाठी फार मोलाचं आहे." एवढं मात्र बँक खरं बोलत होती.

समन्सची बातमी लागताच पुलापलीकडून, सेंट लुईसहून, धाकटा भाऊ ओडेल रिकामी खोकी घेऊन हजर. स्वतःचं घर घालवून बसलेला, म्हणजे तज्ज्ञच.

"ताई, सामान बांध. माझं घर दीड महिन्यात लिलावात गेलं. कोर्ट नाही, जज नाही."

"ते मिसूरीत. मी इलिनॉयात राहते."

"मध्ये एक नदीच तर आहे."

"कायदा पोहत येत नाही, ओडेल."

आमच्या गल्लीतली तीन कुटुंबं पहिल्या पत्रालाच घर झाडूनपुसून, किल्ल्या टेबलावर ठेवून गेली होती. बँकेला इतकी सभ्य माणसं दुसरीकडे कुठे मिळणार? बाई मात्र कोर्टातल्या फुकट सल्ल्याच्या टेबलाशी जाऊन बसल्या. कळलं ते असं : इकडे बँकेला आधी दावा जिंकावा लागतो, आणि समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकबाकी खर्चासकट भरली, की कर्ज पुन्हा पहिल्यासारखं चालू.

मग दर शुक्रवारी गाडीच्या शेडमध्ये तळलेल्या माशांची ताटं, सोबत स्पॅगेटी आणि कोबीची कोशिंबीर. बारा डॉलर. चर्चच्या बायका आधी हळहळल्या, मग रांगेत उभ्या राहिल्या.

"नव्वद दिवसांत काही जमत नाही, मिस व्हर्लीन," मी म्हणालो. "लावा पैज. जिंकलो तर तुमची बसची टोपी माझी."

"आणि हरलास तर?"

"महिनाभर तुमची कढई घासेन."

अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी बाईंनी बँकेच्या वकिलाच्या टेबलावर चेक ठेवला आणि शिक्क्याची पावती हातात पडेपर्यंत खुर्ची सोडली नाही. दावा निकालात निघाला. ओडेल खोकी परत घेऊन गेला.

मासे विकणं बंद करायला बाई आता तयार नाहीत. कढई लोखंडी आहे, आणि मी घासत असताना त्या शेजारी खुर्ची टाकून बसतात.

"कडेचं राहिलंय, बेटा."