सेव्हेरो, घरचा माणूस

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या मराठी घरांत सेव्हेरो ल्योरेन्ते हे नाव कुणाला धड उच्चारता येत नसे, म्हणून सगळे त्यांना नुसतं ‘माएस्त्रो’, म्हणजे स्पॅनिशमध्ये गुरुजी, म्हणत. सुरुवात केली उल्हास बिवलकरने. उल्हास मोटारींच्या ब्रेकवर काम करणारा इंजिनियर. पन्नाशीच्या तोंडावर त्याला गिटार शिकायची लहर आली आणि ती लहर त्याला जन्माची चिकटली.

माएस्त्रो दक्षिण स्पेनमधल्या एका चांभाराचे चिरंजीव. तरुणपणी एका नृत्यमंडळाबरोबर गिटार घेऊन डेट्रॉइटला आले. मंडळ आपसांतल्या भांडणांनी इथेच फुटलं. बाकीचे आपापल्या गावी परतले आणि हे इथल्या एका नर्सच्या प्रेमात पडले. लग्न झालं, एका छोट्या कॉलेजात शिकवायची नोकरी मिळाली आणि उरलेलं आयुष्य त्यांनी गिटारसाठी रचना लिहिण्यात घालवलं. एका प्रकाशकाने त्यातल्या काही छापल्या, पुढे तो प्रकाशकच बुडाला. नाव काही झालं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटे आणि ते ते लपवतही नसत. उगाच संतपणाचा आव आणणाऱ्यांतले ते नव्हते.

त्यांची लिहायची तऱ्हाच वेगळी. गिटार घरात ठेवून ते दारातल्या गाडीत जाऊन बसत, हीटर लावत आणि मांडीवर कागद घेऊन सूर लिहीत. गिटार हातात असली की बोटं आपल्या सवयीचंच लिहितात, कानाला विचारत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यांना वाटे, म्हातारा बायकोशी भांडून बाहेर बसलाय. बायको गेल्यावरही ते तसेच बसत, तेव्हा शेजाऱ्यांनी तर्क करणं सोडून दिलं.

उल्हासवर त्यांचा जीव होता आणि रागही. तारा छेडायला उजव्या हाताची नखं वाढवावी लागतात, आणि याची नखं कायम हळदीने पिवळी. चमच्याने जेवत जा, असं ते दर शिकवणीला बजावत. उल्हास वरणभात हातानेच कालवायचा. पण बोटं गुणी होती, त्यामुळे माएस्त्रो पिवळ्या नखांकडे काणाडोळा करत.

बिवलकरांच्या घरी ते पहिल्यांदा गणपतीत जेवायला आले, तेव्हा पाहुणे म्हणून पहिल्या पंगतीला बसले. इलाने, उल्हासच्या बायकोने, आग्रह करकरून त्यांना इतके मोदक वाढले की बिचारे सोफ्यावरच आडवे झाले. पुढे येणंजाणं वाढलं. मग ते स्वतःच फ्रिज उघडून दही घेऊ लागले, बाहेरच्यांचं आटोपल्यावर स्वयंपाकघरात इलाबरोबर बसून जेवू लागले. पाहुणे आधी, घरचे मागून, ही आपल्याकडची रीतच. माएस्त्रो आता घरचे झाले होते. ही बढती आहे, एवढं मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

ऐंशी उलटल्यावर त्यांनी शेवटची मोठी रचना हाती घेतली. नाव ‘मीठ’. हिवाळ्यात पहाटे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकत जाणाऱ्या गाडीची खरखर त्यांना गावाकडच्या मिठागरांची आठवण करून द्यायची, त्यातून ती सुचली होती. लिहायला दोन हिवाळे गेले. तोवर संधिवाताने त्यांची स्वतःची बोटं वाकडी झाली, आणि त्याहून वाईट म्हणजे कान चालले. ऐकायचं यंत्र लावूनही वरचे सूर त्यांना पुसट येऊ लागले. त्यांनी उल्हासला एकच गोष्ट मागितली. भरल्या सभागृहात, माणसांमध्ये बसून, ‘मीठ’ एकदा ऐकायचं होतं. कान आहेत तोवर.

भरलं सभागृह म्हणजे आपल्या इथल्या मराठी मंडळाची दिवाळी, हे उल्हासला लगेच सुचलं. कार्यक्रमाची आखणी त्याच्याकडेच होती. त्याने ‘मीठ’ मध्यंतराच्या आधी ठेवलं आणि महिनाभर नखं जपली. त्या महिन्यात तो खरोखर चमच्याने जेवला.

आता मंडळाचा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. त्या दिवशी माइक रुसला, पुऱ्या उशिरा आल्या. मंडळाची अध्यक्ष दीपा घामाघूम होऊन उल्हासकडे आली.

“उल्हासकाका, प्लीज, किड्सचा डान्स आधी घेऊ या ना? पेरेंट्स केव्हाचे वेट करतायत.”

“घे की. आमचं काय, घरचंच आहे. शेवटी वाजवू.”

हे बोलताना त्याला आपण किती मोठ्या मनाचे आहोत असंच वाटलं. मग नाट्यप्रवेशवाले आले, मग फॅशन शोवाले आले. प्रत्येकाला तो आधी घे म्हणाला. पहिल्या रांगेत माएस्त्रो काळा कोट घालून, कानातलं यंत्र पुन्हापुन्हा चाचपत बसले होते. जेवणाची घोषणा झाली तशी खुर्च्या रिकाम्या झाल्या. जेवणं उरकेपर्यंत, ज्या शाळेचा हॉल भाड्याने घेतला होता तिथला माणूस किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला आणि नाचलेल्या मुलांचे बापच टेबलं घडी करू लागले. गिटार पेटीतच राहिली.

परतताना गाडीत माएस्त्रोंनी काळ्या कोटाची बटणं सोडली. मग त्यांनी विचारलं, “तुला ती रचना आवडत नाही का?”

उल्हास हबकला. त्याने आपली रीत समजावून सांगितली. पाहुण्यांना आधी वाढतात, घरच्यांनी थांबायचं असतं. तुम्ही परके असता तर तुमच्या वेळेला मी कुणाला हात लावू दिला नसता. हे सांगताना आपलं आपल्यालाच ते पोकळ वाटतंय, हे त्याला कळत होतं.

माएस्त्रोंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, “मग मी पाहुणाच बरा होतो.”

त्यात राग नव्हता. राग असता तर उल्हासला सोपं गेलं असतं.

त्या हिवाळ्यात त्यांचे कान पुरते गेले. डॉक्टरांनी यंत्रं बदलून पाहिली, उपयोग झाला नाही. घरी बसून आधी वाजवून दाखवलं असतं, निदान दुसरा हॉल बघितला असता, असं उल्हास स्वतःला रोज सुनावत राहिला. इला म्हणाली, आता जिवाला लावून घेऊन काय होणार. काहीच होणार नव्हतं, पण लागायचं ते लागलंच.

पुढच्या दिवाळीला त्याने ‘मीठ’ सगळ्यांत पहिलं ठेवलं. दीपवंदनाच्याही आधी. दीपाने तोंड उघडायच्या आत नाही म्हणाला. बैल गेला नि झोपा केला म्हणतात तसं होतं ते, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी माएस्त्रो आले. पहिल्या रांगेत बसले आणि उल्हासच्या बोटांवरून त्यांनी नजर हलवली नाही.

उल्हासने जन्मात वाजवलं नसेल असं वाजवलं. पोरंसुद्धा गप्प बसली होती. ‘मीठ’चा शेवट एका लांबलेल्या मंद सुरावर होतो. बोटं थांबतात आणि सूर मागे रेंगाळत विरत जातो. तो विरेपर्यंत उल्हासने हात हलवला नाही आणि सभागृहात कुणी श्वाससुद्धा मोठ्याने घेतला नाही.

त्या शांततेत बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात माएस्त्रोंनी विचारलं, “संपलं का?”

मागे कुणीतरी हसलं. उल्हासने त्यांच्याकडे बघून मान हलवली, आणि ती हललेली पाहून माएस्त्रोंनी सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.