घंटीभाऊंची इर्जिक

लॉरी ठकूच्या डोक्यावरची दुधाची चरवी उडवून गेली. ठकू पोटावर हात धरून ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यापाशी आडवी पडली, आणि समोरून सायकलवर येणारे भाऊ सायकलीसकट ओढ्यात गेले. लॉरीवाला थांबला नाही. रस्त्यावर दूध, धूळ आणि माझ्या सासूच्या शिव्या एवढंच उरलं. मग खालून, ओढ्यातल्या झुडपांमागून, सायकलीची घंटी वाजायला लागली. एकदा वाजली, दोनदा वाजली, मग थांबेचना.

माझ्या सासूला आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या कठड्यावरून वाकून ओरडल्या, "वाजीव बाबा, वाजीव! वाजतीया तंवर जित्ता हाईस!"

"पाय मोडलाय, आत्याबाई," खालून आवाज आला. "ठकूबाईंचं काय ते सांगा."

ठकू माझी धाकटी जाऊ. तिला सहावा महिना लागला होता. तिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं, तर "चरवी कुटं गेली?"

"चरवी गेली चुलीत. प्वार हलतंय का त्ये सांग," आत्याबाई म्हणाल्या.

ठकूने पोटावर दोन्ही हात दाबून पाहिलं. मग म्हणाली, "हलतंय." मी तिथेच रस्त्यावर बसले.

भाऊंना सगळं लोणावळं घंटीभाऊ म्हणायचं. ते घंटी कशालाही वाजवायचे. वळणाला वाजवायचे, म्हशीला वाजवायचे, मारुतीच्या देवळावरून जाताना वाजवायचे. समोर चिटपाखरू नसलं तरी वाजवायचे. मी एकदा विचारलं, "भाऊ, रस्ता रिकामा हाय, कशाला वाजवताय?" तर म्हणाले, "रिकामा आहे असं मला वाटतं. वळणापलीकडच्याला वाटत असेलच असं नाही." म्हशींना ते फार भ्यायचे. म्हैस दिसली की उतरून सायकल मध्ये धरून उभे राहायचे, जणू म्हैस सायकलीला मान देणार आहे.

ते मूळचे पुण्याचे. छातीच्या दुखण्यासाठी हवा पालटायला आले, बरे झाले आणि इथेच राहिले. बाजारात त्यांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं. उन्हाळ्यात मुंबईची माणसं बंगल्यांवर उतरली की त्यांची पोरं सायकली न्यायची. भाऊ देवमाणूस वगैरे नव्हते. सायकल परत आणायला जरा उशीर झाला की रागावून लाल व्हायचे, आणि बोलायला लागले की समोरच्याचं दूध नासायची वेळ यायची. पण चाकात हवा भरायला त्यांनी कधी कोणाकडून पैसा घेतला नाही. "हवा देवाची, पंप माझा. दोघांनाही घाई नाही," असं म्हणायचे. म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभे राहिले तेव्हा सायकलवाले सगळे त्यांच्या बाजूचे, आणि ते निवडून आले.

आम्ही वळवणच्या. रोज सकाळी दूध घेऊन लोणावळ्याच्या बंगल्यांवर जायचो. त्याच रस्त्याने शाळेची पोरं जायची, वरच्या ठाकरवाडीच्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन जायच्या, बाजाराला जाणारे सायकलवाले जायचे. पूर्वी बैलगाड्या असायच्या, त्यांना आपण बाजूला हो म्हणू शकत होतो. मग मुंबई-पुण्याच्या मोटारी आणि लॉऱ्या वाढल्या. रस्त्याच्या कडेला उतरायला जागा नव्हती, सगळी चर आणि काटे. मोरीवर तर दोन गाड्या आल्या की माणसाने कठड्याला पालीसारखं चिकटायचं.

भाऊंचा पाय बसवला, पण नीट बसला नाही. पुन्हा पायडल मारणं होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. उठता यायला लागल्याबरोबर ते काठी घेऊन बैलगाडीतून आमच्या अंगणात आले. ठकू सूप घेऊन बसली होती.

"ठकूबाई, बाळंतपण कधी?"

"वैशाखात."

"म्हणजे पावसात पुन्हा दूध घेऊन निघाल. तुम्ही निघाल तेव्हा मोटारीच्या रस्त्यावर पाय ठेवायला लागणार नाही. माणसांना आणि सायकलींना वेगळी वाट करतो. मोरीवरही वेगळी."

आत्याबाई म्हणाल्या, "आदी सोताचा पाय सरळ कर, भाऊ."

"तो राहू दे वाकडा. वाट सरळ झाली म्हणजे झालं."

म्युनिसिपालिटीत काय झालं ते भाऊंनीच आम्हाला सांगितलं, नकला करून. अध्यक्ष म्हणजे रावसाहेब, जाडे, रेशमी कोटातले. ते म्हणाले, लोक बापजाद्यांपासून याच रस्त्याने चालत आले आहेत. भाऊ म्हणाले, बापजाद्यांच्या वेळी मागून लॉरी येत नव्हती. दुसरा एक मेंबर म्हणाला, हे सगळं तुमच्या दुकानासाठी चाललंय. भाऊ म्हणाले, "चाललंच आहे. मेलेलं गिऱ्हाईक सायकल परत आणून देत नाही." यावर रावसाहेबांनाही हसू आलं. शेवटी ठरलं असं की ओढ्यावर मोरीशेजारी छोटा लाकडी साकव आणि रस्त्याकडेच्या पट्टीला खडी म्युनिसिपालिटी देईल. त्याहून जास्त पैसा नाही. आणि पावसाच्या आत वाट पुरी झाली नाही तर उरलेली खडी वरच्या बंगल्यांच्या रस्त्याला जाईल. बंगलेवाले टपूनच होते.

साकव झाला, खडी पडली. भाऊ हरखले. आम्हाला बोलावून म्हणाले, "चाला!" आम्ही उभ्याच.

"अहो, चाला की!"

आत्याबाई म्हणाल्या, "तुज्या पायात बूट हाईत भाऊ. आमी अनवाणी. ह्या खडीवर चालण्यापरीस लॉरीखाली गेल्यालं बरं."

भाऊंनी बूट काढले आणि काठी टेकत चार पावलं टाकली. काय ते तोंड झालं होतं! तमाशात नाच्या नाचतो तसे उड्या मारत परत आले. ठाकरवाडीच्या बाया पदर तोंडात घालून हसत होत्या. भाऊही खडीच्या ढिगावर बसून हसले, पाय चोळत. मग विचारलं, "मग काय हवं?"

"वर मुरूम. बारीक, तांबडा. पाणी मारून धुम्मसानं ठोकून काढा, तळहातावानी व्हईल."

मुरूम टेकडीला हवा तेवढा होता. तो खणायला आणि वाहायला माणसं नव्हती. भाऊंनी गावात दवंडी दिली की सगळ्यांनी सेवा म्हणून एक दिवस यावं. कोणी आलं नाही. सेवा म्हणजे काय ते कोणाला कळलं नाही, आणि जे कळलं ते फुकटची बिगार असं कळलं. चैत्र संपत आला. वरच्या बंगल्याचे मुकादम येऊन खडीकडे बघून जायला लागले.

तेव्हा कोणीतरी भाऊंना सांगितलं, आमच्या मावळात मोठं काम एकट्याने उरकत नाही तेव्हा इर्जिक घालतात. गावोगावची माणसं येतात आणि एका दिवसात काम फत्ते. झालं. भाऊंनी दुसऱ्या दिवशी दवंडी फिरवली, "घंटीभाऊंची इर्जिक हाय हो!" आम्हालाही आनंद झाला. कुदळी, पाट्या, बैलगाड्या घेऊन वळवण आलं, तुंगार्ली आली, ठाकरवाडी आली. हलगी आली. माणसं भलरी म्हणत मुरूम खणत होती आणि आम्ही बाया रांगेने पाट्या ओतत होतो. भाऊ साकवावर काठी आपटत ताल धरत होते. सूर त्यांना नव्हता.

ऊन डोक्यावर आलं तशी माणसं हातपाय धुऊन झाडाखाली ओळीने बसली. पळसाची पानं पुढ्यात मांडली. आणि सगळे भाऊंकडे बघायला लागले.

भाऊ म्हणाले, "छान! बसा, विश्रांती घ्या."

कोणी हललं नाही. आत्याबाई त्यांच्याजवळ गेल्या. "भाऊ, इर्जिक घातलीस. चूल कुटं हाय?"

"कसली चूल?"

"जेवनाची. इर्जिक घालणाऱ्यानं प्वाटभर जेवाया घालायचं असतंय. दुसरं काय दाम मागतंय का कोन?"

भाऊंचा चेहरा पांढरा पडला. माणसं येतात, एवढंच त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. जेवण कोण कशाला सांगेल? ते आमच्याकडे दूधपित्या पोरालाही ठाऊक असतं. झाडाखाली कुजबुज सुरू झाली. धोंडीआबा, ज्यांच्या शब्दावर तुंगार्लीची माणसं आली होती, ते पान उचलून उठले. "चला रं. पुन्यावाल्यानं उपाशी राबिवलं म्हून सांगू." निम्मं काम तसंच पडलं होतं. ही माणसं गेली असती तर पुन्हा फिरकली नसती, आणि पावसात ठकूला त्याच मोरीवरून जावं लागलं असतं.

"आबा, अपमान केला हे खरं," भाऊ म्हणाले. "माहीत नव्हतं हे कारण लंगडं आहे, माझ्यासारखंच. पण एक चिलीम होईपर्यंत बसा. जेवल्याशिवाय पाठवत नाही."

"कुटनं आननार?"

"ते मलाही अजून माहीत नाही," भाऊ म्हणाले आणि आमच्या गाडीत चढले. मला म्हणाले, "पारूबाई, तुम्ही चला. मला बैल ऐकत नाहीत."

रस्त्यात त्यांना आठवलं की रावसाहेबांकडे नातवाचं बारसं आहे, आणि म्युनिसिपालिटीच्या सगळ्यांना बायकापोरांसकट जेवायला बोलावलंय. गाडी थेट त्यांच्या मागच्या दाराशी नेली. रावसाहेब दिवाणखान्यात पाहुण्यांत होते. मागे त्यांच्या बायको, आम्ही त्यांना काकी म्हणायचो, आचाऱ्यावर देखरेख करत होत्या. मी त्यांच्याकडे दूध घालायची. भाऊंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

काकींनी मला विचारलं, "पडली होती ती तुझीच जाऊ ना गं? पोटुशी?"

"व्हय."

त्यांनी मोठ्या पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं. "मेंबर लोक खातात किती? निम्मे पथ्यावर आहेत. न्या. पाहुण्यांपुरतं दुसरं टाकते. आमच्या ह्यांना मी सांगते."

मसालेभात, वांग्याची भाजी, बुंदीची पाटी असं सगळं गाडीत चढलं. काकींनी रावसाहेबांना काय सांगितलं देव जाणे. आम्ही झाडाशी पोचून पातेली उतरवतोय तोवर आपल्या भातामागोमाग रावसाहेब मोटारीतून आले. खाली उतरले ते मिशा थरथरत. "हा काय प्रकार..." एवढंच बोलले.

धोंडीआबांनी जेवण पाहिलं, मागे मोटार पाहिली, रेशमी कोट पाहिला आणि त्यांच्या मते जेवण ज्याचं तोच यजमान. ते पुढे झाले, रावसाहेबांच्या कपाळाला गुलाल लावला, हातात नारळ दिला. हलगी कडकडली. "इर्जिकीचं धनी आलं! धनी, पयला घास तुमी वाढा!"

शेदोनशे माणसं हात जोडून बसलेली. रावसाहेबांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ झाडाकडे बघत होते. रावसाहेबांनी नारळ ड्रायव्हरकडे दिला, कोट काढला आणि बुंदी वाढायला घेतली. तिसऱ्या ओळीपर्यंत त्यांना मजा यायला लागली होती. "घ्या हो, लाजू नका," असं आग्रहाने म्हणत होते.

जेवून कोणी घरी गेलं नाही. दिवस मावळायच्या आत मुरूम पडला, पाणी मारून झालं, धुम्मसाने ठोकून झालं. पुढच्या सभेत रावसाहेबांनी स्वतः सांगितलं की ही वाट म्युनिसिपालिटी दरसाल नीट राखील, कारण ही आपण केलेली इर्जिक आहे. वाटेवर दगडी पाटी लागली तीही त्यांच्या नावाची. मला राग आला. भाऊ म्हणाले, "पाटी त्यांना राहू द्या, पारूबाई. त्यांच्या नावाची वाट ते उखडू देणार नाहीत."

आषाढात ठकू पोर आत्याबाईंच्या मांडीवर टाकून दूध घेऊन निघाली. भाऊ साकवाशी काठी टेकून उभे होते. ठकू बाजूच्या मोटारीच्या रस्त्याकडे न बघता गेली. त्यांच्याशी बोललीही नाही. नंतर म्हणाली, बोलले असते तर रडू आलं असतं, आणि दूध सांडलं असतं.

भाऊंना सायकल चालवता येत नव्हती म्हणून ते दुसऱ्यांना शिकवायला लागले. मला शिकवली. म्हणाले, काष्टा घालणारीला सायकलची भीती कशाला, धोतरवाल्यांपेक्षा तुम्हीच नीट बसाल. मी दोनदा भाताच्या खाचरात गेले. गावाने नावं ठेवली, आत्याबाईंनी गावाला ठेवली. पुढे कित्येक वर्षं मी दुधाच्या किटल्या सायकलला अडकवून नेल्या.

दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराला भाऊ गेले. दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. छातीने नाही, पायाने नाही, उगाच. वळवणची आणि ठाकरवाडीची माणसं त्यांना पोचवायला गेली ती त्या वाटेनेच, दुसरी कुठली आठवली नाही.

लॉरीने त्या सकाळी कोणालाच मारलं नाही. आत्याबाई म्हातारपणाने गेल्या, शेवटपर्यंत शिव्या देत. ठकू आहे, मी आहे. ठकूच्या पोटात होती ती पोर कमल, तिला आता नातवंडं आहेत.