हुंड्यात दिलेली मुलतानी

जयपुरात बीनकारांच्या त्या गल्लीत एक रीत होती. बीन, म्हणजे रुद्रवीणा, शिकवायची ती घरच्या मुलांना. मुलगी सासरी गेली की तिच्या माणसांच्या वाट्याला सतार. मुहिब खाँ हे अशाच एका मुलीचे चिरंजीव, म्हणून त्यांच्या हाती सतार आली. मामेभाऊ बुंदू मियाँ बीन वाजवत आणि ही गोष्ट कुणाला विसरू देत नसत.

"आजोबांचं जेवण झाल्यावर ताटात जे उरलं, ते तुला मिळालं," असं ते चारचौघांत म्हणत.

"उरलेलंच चांगलं मुरतं रे, बुंदू," मुहिब खाँ म्हणत आणि खुंट्या पिळत बसत.

त्या उरलेल्यातली सगळ्यात गोड चीज म्हणजे मुलतानी रागातली एक संथ गत, सतारीवरची बांधीव रचना. ती मुहिब खाँच्या आईला हुंड्यात मिळाली होती. दागिन्यांबरोबर एखादी गतही द्यायची, ही त्या घरांची चाल. दिलेली गत मग जावयाची. माहेरच्यांनी तिला पुन्हा बोट लावायचं नाही. मुहिब खाँनी आपल्या मुलीच्या, रहमतीच्या लग्नात तीच गत टोंकच्या जावयाला, शब्बनला देऊन टाकली. घरात देण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

चाळीस दिवस शब्बन त्यांच्यापुढे बसून ती गत शिकला. पडद्याआड रहमती सुपारी कातरत होती. सतारीचा 'दा' हा बोल आला की अडकित्त्याचा एक घाव, 'दिर' आला की दोन झटपट. मुलींनी सतारीला हात लावायचा नाही, पण सुपारी कातरायला कोण ना म्हणणार? चाळीस दिवसांत घरात इतकी सुपारी झाली की शेजारीपाजारी वाटावी लागली.

शब्बन माणूस भला, पण महाआळशी. शिष्य केला तर रोज बोलावं लागेल, म्हणून त्यानं एकही केला नाही. मूलबाळही झालं नाही. बावीस वर्षांनी तो तापानं गेला, आणि रहमती एक पेटी नि तो अडकित्ता घेऊन परत माहेरी आली.

थंडीचे दिवस होते. दुपार कलली की अंगणात पिवळं ऊन साचे. शेजारचा पिंजारी कापूस पिंजे, त्याच्या धनुकलीच्या तातीचा घुमारा भिंतीतून येई, आणि कापसाचा एखादा पुंजका तरंगत येऊन मुहिब खाँच्या दाढीत अडके. रहमतीला वाटे, मधली बावीस वर्षं आपल्याला डुलकी लागली होती, एवढंच. मग अब्बा सतार घेत, त्या वेळेच्या मुलतानीचे दोन-तीन सूर काढत आणि खोकून थांबत.

"मुलतानीची वेळ झाली की मुहिबला खोकला येतो," बुंदू मियाँ म्हणत.

खोकला खरा नव्हता, हे रहमतीला कळत होतं. तिचा जीव तुटे. शब्बन गेला, अब्बांची सत्तरी उलटलेली, त्यांच्याबरोबर ती गतही कबरीत जाणार. एका दुपारी अंगणात दोघंच असताना तिनं विचारलंच.

"अब्बा, वाजवा ना ती."

"दिलेली चीज परत घेऊ? आईच्या तोंडाला काळं फासू?"

"आता त्या चीजेचं दुसरं कोण आहे?"

खाली मान घालून ते म्हणाले, "खरं सांगू? आठवत नाही, बेटी. मनातसुद्धा यायला नको म्हणून बावीस वर्षं तिला हाकलत राहिलो. आता बोलावतो तर पहिली ओळ येते, दुसरी दारातूनच मागे फिरते." आणि त्यांचे डोळे भरून आले.

रहमतीनं सुपारी काढली. पिंजाऱ्याची तात एका सुरात घुमत होती. त्या सुरावर अडकित्ता चालू लागला: दिर दा दिर दा रा, दा दा रा. पहिली ओळ झाली, ती दुसरीत शिरली. हलक्या आवाजात तिनं सूरही लावले. सुपारीचे तुकडे मांडीवर पडत राहिले आणि म्हातारा डोळे मिटून ऐकत राहिला.

गत संपली तरी ते हलले नाहीत. मग म्हणाले, "परत घेता येत नाही. पण शिकता येते. लाल दोरा आण."

"कशाला?"

"गंडा बांधायला, उस्ताद शागिर्दाच्या मनगटावर बांधतो तो. आणि चणे-गूळ आण. शागिर्दाला उस्तादानं भरवायचं असतं, एवढं तरी ठाऊक आहे ना?"

"अब्बा, लोक हसतील."

"हसू देत. मला तेवढ्यात दुसरी ओळ पाठ होईल."

त्यांनी मनगट पुढे केलं. गाठ दोनदा सुटली. अब्बांना दात नव्हते, म्हणून तिनं चणे अडकित्त्यानं चुरले, गुळात कालवले आणि त्यांच्या तोंडात घातले.

मार्चमध्ये बुंदू मियाँकडे बैठक झाली. बायका बांबूच्या चिकाच्या पडद्याआड होत्या, त्यांत रहमतीही. मुहिब खाँनी मुलतानी लावली. दुसऱ्या ओळीशी रहमतीनं श्वास धरून ठेवला. ओळ आली, नेटकी येऊन समेवर बसली. बुंदू मियाँनी वाजवणं संपू दिलं आणि मग सगळ्यांदेखत विचारलं, "ही तर जावयाला दिली होतीस. आता कुणाची म्हणून वाजवलीस?"

उस्तादाचं नाव घेण्याआधी कानाला हात लावायचा, हा तिथला रिवाज. मुहिब खाँनी सतार खाली ठेवली. लाल दोऱ्याचा हात उचलून कानाच्या पाळीला लावला.

"माझ्या उस्तादाची," ते म्हणाले. "रहमतीची."