प्रणालीचा प्रश्न

मंडळी, आज आमच्या रिठदच्या शाळेतल्या नववीच्या प्रणालीला घेऊन वाशीमला कोडिंग स्पर्धेला गेले होते. तिचा नंबर आला नाही. बाकी मुलं नाश्त्याला गेली, ही मात्र थेट परीक्षकांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, नंबर नाही आला तरी चालते. माही चूक कुठं झाली, तेवढं सांगा."

त्यांनी तिचा प्रोग्राम पाहिला. "तू यादी एकपासून मोजलीस. इथे मोजणी शून्यापासून सुरू होते."

"काहून?"

ते हसले. "कॉम्प्युटर सायन्सला ये, कळेल."

परतताना जीपमध्ये ती म्हणाली, "मॅडम, मले दहावीनंतर हेच शिकाचं हाये. पण शून्यापासून काहून, ते तुमी आताच सांगा ना."

मी मराठी शिकवते. उद्या पहिला तास तिच्याच वर्गावर आहे. कुणी सोप्या शब्दांत सांगेल का?