पुढच्या पानावर नेलेलं काम

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर मोठी आजी तुमच्याकडे न बघता भिंतीकडे बघून बोलत होती, म्हणून तुम्हाला हसू आलं. ते साहजिक होतं. नंतर धाकटीनं विचारलं, "आजी, ती आमच्यावर रागावली आहे का?" मी रेंज नसल्याचं सांगून विषय बदलला. ते खोटं होतं. खरं उत्तर थोडक्यात सांगता येणार नाही आणि त्यात माझी चूक आहे. ती मी तुमच्या आईबाबांनाही पुरती सांगितलेली नाही. हेही पुढे ढकललं तर राहून जाईल, म्हणून आज सकाळी दुसरं कुठलंही काम हातात न घेता लिहायला बसले आहे. एखादा शब्द अडला तर बाबांना विचारा.

मोठी आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी तिला अक्का म्हणते. तुमचे आजोबा रेल्वेत लागले तेव्हा आम्ही दोघं लोणावळ्याला आलो आणि अक्का आंदर मावळात, गावाकडेच राहिली. मी इंग्रजी शाळेत शिकले, पुढे इंग्रजीच शिकवलं. तिनं शाळा पाहिली नाही. भाताची खाचरं, म्हशी, सासूसासऱ्यांची आजारपणं, सगळं तिनं काढलं. आम्ही सणाला जायचो आणि परतताना तिच्या हातचा तांदूळ घेऊन यायचो.

दोन वर्षांपूर्वी गौरींना मी गावी गेले होते. स्वयंपाक उरकून आम्ही दोघी ओसरीवर बसलो होतो. अक्का सहज म्हणाली, "उजवीकडचं कायच दिसंना गं मला. म्हस शेजारी येऊन हुबी ऱ्हायली तरी कळंना."

"मोतीबिंदू असणार," मी म्हणाले. "माझ्या आईला होता. पिकला की काढतात. घाई नसते."

"मग पिकू दे की. भात कापून हुईस्तवर मला बी येळ न्हाई."

"पण एकदा दाखवून आणू. मी नेते तुला तळेगावला."

"ने बाई. तुला ठावं असंल, तू शिकलेली."

माझी आई मोतीबिंदू पिकायची वाट बघत दोन वर्षं बसली होती. तेव्हा डॉक्टरच तसं सांगत. ते ऐकून माझ्या मनात पक्कं बसलेलं होतं, आणि मी ते अक्काला अशा स्वरात सांगितलं, की जणू मीच तपासून आले.

माझी डायरी तुम्हाला माहीत आहे. तुमचा बाबा तिची चेष्टा करतो. रोज सकाळी चहानंतर मी दिवसाची कामं आकडे घालून लिहिते, झालं की समोर बरोबरची खूण करते, उरलेलं दुसऱ्या दिवशीच्या पानावर नेते. शाळेत असल्यापासूनची सवय. गौरी करून गावाहून परतल्यावर मी सातव्या आकड्यापुढे लिहिलं, "अक्का, डोळे." त्या दिवशी मी नऊ कामं केली. गॅस नोंदवला, वाचनालयाची पुस्तकं परत केली, पडदे धुवायला काढले, तुमच्यासाठी चिक्कीचं पार्सल बांधून घेतलं. सातवं राहिलं. मी ते सुवाच्य अक्षरात पुढच्या पानावर नेलं आणि मला समाधान वाटलं. काम लिहून ठेवलंय म्हणजे ते विसरलेलं नाही, असं मी धरून चालले. लिहिण्यानं काहीच होत नव्हतं.

कारणं नेहमी खरी असायची. अक्काचा मुलगा, माझा पुतण्या, कारखान्यात शिफ्टला, त्याला सुट्टी रविवारची, आणि रविवारी डोळ्यांचा दवाखाना बंद. शनिवारी लोणावळ्यात पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ता भरलेला. मग दिवाळी. मग माझे गुडघे. दिवाळीत तर मी गावाला गेलेही नाही, बेसनाचे लाडू पाठवले. माघात पुतण्याचा फोन आला. "काकू, आई बांधावरनं घसरली. लय लागलं न्हाई. पर ती म्हनती, बांध हितं हाय हे दिसलंच न्हाई."

"येत्या आठवड्यात नेऊच," मी म्हणाले आणि डायरीत त्या ओळीखाली तांबड्या पेनानं रेघ मारली. नंतरच्या पानांवर ती रेघही मी न चुकता मारत गेले.

आता विचार केला तर कळतं, की वेळ नव्हता हे खरं नाही. लहान कामं माझं ऐकायची. बाजारात गेलं की गॅस, पुस्तकं, पार्सल, सगळं तासाभरात संपायचं. हे काम तसं नव्हतं. त्यासाठी लोकलनं कान्हे स्टेशनला उतरून जीपनं गाव गाठायचं, हट्टी बाईला घराबाहेर काढायचं आणि दवाखान्यात कोणीतरी काय सांगेल ते ऐकून घ्यायचं. ते ऐकायची मला भीती होती. व्यवस्थित माणसाची ही एक सोय असते. तो दिवसभर कामात असतो, त्यामुळे त्याला टाळाटाळ करतोस असं कोणी म्हणत नाही.

वर्ष झालं आणि पुन्हा गौरी आल्या. आमच्याकडे गौर घरात येते तेव्हा उंबऱ्यापासून तिच्या जागेपर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढतात. मूठ पिठात बुडवून जमिनीवर टेकवायची आणि वर बोटांचे ठिपके द्यायचे. ती अक्कानंच काढायची. लग्न होऊन आल्यापासून मी दुसऱ्या कोणाला काढताना पाहिलं नाही. त्या दिवशी मी गौर घेऊन उंबऱ्याशी उभी होते आणि अक्का वाकून पुढे पुढे जात होती. चार पावलं सरळ आली. मग पावलं डावीकडे सरकू लागली. सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. अक्काला वाटत होतं, ती सरळच चालली आहे. उजवीकडे पाण्याचा तांब्या ठेवला होता. वळताना तिची टाच त्याला लागली आणि पाणी सगळ्या पावलांवर पसरलं.

पुतण्याची बायको फडकं घेऊन धावली. अक्का तिथेच बसली, पिठाचे हात तसेच मांडीवर. "कुनी ठिवला ह्यो तांब्या वाटंत?" ती म्हणाली. तांब्या वाटेत नव्हता.

गौरी विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन निघाले. डायरी लोणावळ्यालाच होती. तळेगावाजवळच्या घोरावाडी स्टेशनला उतरून रिक्षा केली. डॉक्टरीण तरुण होती, शांत. तिनं अक्काला यंत्रापुढे बराच वेळ बसवलं, मग मला आत बोलावलं.

"हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. यात दुखत नाही, म्हणून माणसं उशिरा येतात. कडेची नजर आधी जाते आणि गेलेली परत येत नाही. उजव्या डोळ्यात आता फक्त उजेड कळतोय. डावा वाचवायचा प्रयत्न करू."

"वर्षभरापूर्वी आणलं असतं तर?"

"तेव्हा किती नजर होती ते मी आज सांगू शकत नाही. पण आजच्यापेक्षा जास्त राखता आली असती."

परतताना स्टेशनच्या बाकावर मी अक्काला सगळं सांगितलं.

"अक्का, पिकू दे असं मी सांगितलं. चूक माझी आहे."

"म्या बी म्हनलं व्हतं, पिकू दे." तिनं रुळांकडे तोंड वळवलं. "पर तू शिकलेली व्हतीस."

मग म्हणाली, "गाडी आली का बघ. मला नुसता आवाज येतुया."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी जुनी डायरी उघडली. ती ओळ पानामागून पान होती, एकाच वळणाची, एकही खाडाखोड नाही. एवढं नेटकं मी दुसरं काही लिहिलं नसेल. डायरी मी टाकलेली नाही, आजही लिहिते, पण सकाळी पेन उघडण्याआधी स्वतःला विचारते, आज कशाला हात लावायला मी घाबरते आहे? ते आधी करते. रोज जमत नाही. जमतं त्या दिवशी पडदे धुवायचे राहतात, आणि राहू देते.

डोळ्यांत थेंब सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी घालावे लागतात. घालते पुतण्याची बायको, पण चहा टाकण्याआधी माझा फोन जातो.

"भरली का शाळा, मास्तरीणबाई?" अक्का विचारते.

"थेंब घातले?"

"घातलं. हजेरी लाव माजी."

दर तीन महिन्यांनी मीच तिला तळेगावला नेते. एकही फेरी चुकलेली नाही, गुडघे दुखत असतानाही.

म्हणून परवा ती भिंतीकडे बघत होती. तुमचे चेहरे ती शोधत होती, आणि फोन तिच्या उजव्या बाजूला धरला होता. यापुढे तो डाव्या डोळ्याच्या अगदी समोर धरायला मी सांगितलं आहे.

उजवा डोळा गेला. डाव्या डोळ्यात मधली नजर आहे, ताटलीएवढी. तेवढ्या नजरेत ती तांदूळ निवडते, म्हशीची धार काढते, मला लांबून चालीवरून ओळखते. मागच्या तपासणीत ती नजर होती तेवढीच होती.